तांड्याजवळ ६०० झाडं लावली, तांडा आलाच नाही. चुकलं कुठं?

कोरडवाहू | ११ एप्रिल, रात्री १०:४०

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो. आज डोकं फिरलं म्हणून धागा काढतोय.

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात आमचं तालुक्याचं गाव. आमचा दहा-बाराजणांचा गट आहे: दोन शिक्षक, एक मेडिकलवाला, एक कृषी पदविकावाला, बाकी हौशी. मागच्या जुलैत गावाबाहेरच्या माळावर ६०० रोपं लावली. लिंब, करंज, वड, पिंपळ, थोडे गुलमोहर. वर्गणी काढून जेसीबीने खड्डे घेतले. माळाच्या एका अंगाला बंजारा तांडा, दुसऱ्या अंगाला पारधी वस्ती. दोन्हीकडे निरोप धाडला होता. तांड्यावरची पोरं तेवढी आली, तीही बिस्किटं संपेपर्यंत. वस्तीवरून चिटपाखरू आलं नाही.

परवा मोजदाद केली. ४१ झाडं जिवंत. वर होळीच्या आधी कुणीतरी शंभरेक खड्डे दगडमातीने बुजवून टाकलेत, रोपांसकट. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडले आणि एकजण म्हणाला, "ह्या लोकांना झाडाझुडपाचं काय पडलंय?" मला ते पटलं नाही, पण तोंडावर द्यायला उत्तरही सुचलं नाही.

यंदा पुन्हा करायचंय, पण त्यांना बरोबर घेऊन. अनुभव असेल त्यांनी सांगा. शिव्या घाला, चालेल.

भाकरी_ठेचा | ११ एप्रिल, रात्री १०:५२

बिस्किटं कुठली होती ते आधी सांगा.

पळसपान | ११ एप्रिल, रात्री ११:३०

वनखात्यात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालो, त्यामुळे झाडं मरताना भरपूर बघितली आहेत. आपल्याकडच्या माळावर दीड वीत माती, खाली मुरूम. तिथे जेसीबीने खड्डा घेऊन वड-पिंपळ लावायचे आणि नोव्हेंबरनंतर पाण्याची सोय नाही, म्हणजे ४१ जगली हेच नवल. बाभूळ, बोर, हिवर, खैर, सीताफळ हे माळाचे गडी. गुलमोहर कोणी सुचवला?

बाकी माणसांचं म्हणाल तर एक विचारतो. निरोप कोणाबरोबर धाडला होता?

कोरडवाहू | १२ एप्रिल, सकाळी ७:१५

गुलमोहर रोपवाटिकेत फुकट मिळाले, म्हणून लावले. कबूल.
निरोप सरपंचांकडून. वस्तीवर बीट गार्ड आणि पोलीस पाटील गेले होते, म्हटलं तेवढंच वजन पडेल.

तित्तर | १२ एप्रिल, दुपारी १:०५

पडलं की वजन. वस्ती रिकामी झाली असेल.

मी स्वतः फासेपारधी. शिकलो, नोकरीला लागलो, पण अजून खाकी दिसली की पाय आपोआप मागे होतात. इंग्रजाने १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. देश स्वतंत्र झाला १९४७ ला, आम्ही सुटलो ३१ ऑगस्ट १९५२ ला. कागदावर. गावात आजही चोरी झाली की पहिली गाडी कुठे येते ते पोलीस पाटलालाच विचारा. त्याच माणसाबरोबर "या, झाडं लावू" असा निरोप आला तर माझी आजी पोरांना घेऊन आधी ज्वारीत शिरली असती.

आणि झाडाझुडपाचं कुणाला पडलंय म्हणता? तित्तर कुठल्या बांधाला रात्र काढतं, लावा कोणत्या गवतात अंडी घालतो, ससा कुठल्या वाटेने जातो, हे माझ्या चुलत्याला झोपेत विचारा. फास लावून पोट भरायचं म्हणूनच ते शिकले, हे मी नाकारत नाही. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. पण वाशीम-अकोल्याकडे फासेपारध्यांनीच तणमोरासाठी गवताळ माळ राखलेत. तिथे त्यांना हातात रोप द्यायला कुणी गेलं नव्हतं, पक्षी कुठे आहे ते विचारायला गेले होते.

माळावर गवत असतं हो. माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. तुम्ही झाडं लावली तिथे तित्तर असतील तर ते गेले.

पळसपान | १२ एप्रिल, दुपारी २:२०

तित्तर, शेवटच्या ओळीला माझी सही. आमच्या खात्यानेही गवताळ माळांना 'पडीक' म्हणून ग्लिरिसिडिया लावलेला आहे. लावणाऱ्यांत मीही होतो.

बिनपाण्याचा_बीडकर | १२ एप्रिल, दुपारी ४:४५

थोडं उलटं बोलतो. सगळं जातीजमातीवर कशाला न्यायचं? आमच्या गावात नव्वद टक्के मराठा समाज, तरी वृक्षारोपणाला फोटोपुरते सातजण असतात. २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांचा कार्यक्रम झाला, तेव्हा आम्हाला तरी कोणी विचारलं होतं? ग्रामपंचायतीला आकडा आला, आकडा लागला, खड्डे तेच दरवर्षी. लोक येत नाहीत कारण लोकांना कामं आहेत. उगाच 'संवेदनशील भागीदारी' वगैरे पुस्तकी भाषा नको.

पुणेरी_मराठवाडी | १२ एप्रिल, सायं ६:१०

बीडकर, पुस्तकी असली तरी भाषा चुकीची नाही. नियोजनाच्या पहिल्या दिवसापासून समुदायाचा सहभाग, त्यांच्या सणांशी उपक्रमाची सांगड, त्यांच्या भाषेत साहित्य, ही त्रिसूत्री जगभर मानली जाते. उदा. बंजारा समाजात श्रावणात तीज असते, मुली टोपल्यांत गहू पेरतात. त्याच टोपल्यांतून रोपवाटप करता येईल! काय सुंदर प्रतीक होईल!

भाकरी_ठेचा | १२ एप्रिल, सायं ६:१४

त्रिसूत्रीत पाणी कितव्या सूत्रात येतं?

गोरमाटी_लेक | १२ एप्रिल, रात्री ११:५०

सकाळपासून हा धागा वाचत्येय, ऑनलाइन हजेरी भरताभरता. आता निवांत लिहिते. मी तांड्यावरची, आता परभणीकडे शिक्षिका.

पुणेरी दादा, तीज आमच्या कुमारिकांची असते. दुरडीत गहू पेरतात, रोज वाजतगाजत पाणी घालतात, गाणी म्हणतात, गोकुळअष्टमीच्या सुमारास शिरवतात. त्यात एक लाजरेपण आहे, थट्टा आहे, लग्नाआधीच्या मैत्रिणींचं सुख आहे. त्यावर तुमचा फ्लेक्स लागणार, मग आमदार येणार, मग पोरींना 'पारंपरिक वेशभूषेत' रांगेत उभं करणार. माझ्या शाळेत हे झालंय. फेटिया-कांचळी घालून दोन तास उन्हात उभ्या केलेल्या पोरी मी पाहिल्यात. आमचे सण तुमच्या कार्यक्रमाचे दागिने नाहीत. पोरींना स्वतःला वाटलं तर त्या करतील, तुम्ही सुचवू नका.

आता कोरडवाहू दादा. जुलैत झाडं लावली म्हणता. बीडचा तांडा आहे, म्हणजे निम्मा ऊसतोडीला जात असणार. पोळ्या-गणपतीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेतात, दसरा-दिवाळीनंतर कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मग थेट पाडव्याच्या आगेमागे परत. कारखान्याजवळ पाचटाच्या कोपीत सहा महिने. मागे तांड्यावर म्हातारी माणसं, शाळेसाठी ठेवलेली दोनचार पोरं आणि शेरडं. रोपाला पाणी लागतं कधी? नोव्हेंबर ते मे. तुमचं झाड आणि आमचा माणूस, दोघांची गाठच पडत नाही. ह्यात पर्यावरणाची आवड-नावड कुठून आली?

निरोप सरपंचाकडून दिला. तांडा गावाच्या ग्रामपंचायतीत असतो, पण गावाचा नसतो. तांड्याचा नायक आहे, कारभारी आहे. हल्ली नायकाचा शब्द पूर्वीसारखा चालत नाही, हेही खरं. म्हणून नायकाला भेटाच, पण तेवढ्यावर थांबू नका. बायकांच्या बचत गटाकडे जा. पाणी आणतात त्या, शेरडं राखतात त्या.

आणि पाण्याचं आम्हाला शिकवायचं तर जरा जपून. सेवालाल महाराज सांगून गेले की एक दिवस रुपयाला वाटीभर पाणी विकलं जाईल, असं माझी याडी (आई) लहानपणापासून ऐकवायची. आम्ही हसायचो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा याडी नुसती माझ्याकडे बघत बसली.

भाकरी_ठेचा | १३ एप्रिल, सकाळी ६:३०

ताई, ही पोस्ट आमच्या पंचायत समितीत लॅमिनेट करून लावावी काय?

पाथरवट | १३ एप्रिल, सकाळी ९:००

गोरमाटी_लेक यांना +१. एक भर घालतो.

आम्ही वडार. बाप-आजा दगड फोडत, विहिरी खांदत गेले. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नाल्यावर दगडी बांध घालायचं श्रमदान झालं. शहरातून गाड्या आल्या, पांढऱ्या टोप्या, गाणी, उत्साह जोरात. पहिल्याच पावसात बांध गेला, कारण मोठा दगड खाली आणि सांधा मोडून बसवायचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वर्षी माझ्या बापाला बोलावलं. त्याने चारजण घेऊन चार दिवसांत बांध उभा केला. तो अजून आहे. मोबदला म्हणून काय मिळालं? प्रमाणपत्र. 'जलमित्र'.

माझा बाप अंगठाछाप. ते प्रमाणपत्र त्याने पत्र्याच्या भोकावर लावलं, पावसाळ्यात ठिबकत होतं म्हणून.

तुमचं श्रमदान ते आमची बुडालेली मजुरी. सुट्टीच्या दिवशी तुम्हाला घाम गाळावासा वाटतो, चांगलं आहे. आमचा घाम रोज विकायला असतो. ब्रासच्या भावाने पैसे द्या, मग बोलू भागीदारीचं.

बिनपाण्याचा_बीडकर | १३ एप्रिल, सकाळी ९:४०

पाथरवट, हे मात्र पटलं. पण वर्गणीवर चालणाऱ्या गटाने मजुरी आणायची कुठून? रोजगार हमीतून होईल का?

शेतकी_बाबू | १३ एप्रिल, दुपारी १२:३०

होईल, पण सरळ नाही. जॉबकार्ड असलेल्या विमुक्त आणि भटक्या जमातींच्या कुटुंबांना रोहयोत वैयक्तिक लाभ घेता येतो. फळबाग घेतली तर पैसे तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने, आणि ठरावीक प्रमाणात झाडं जगली तरच पुढचा हप्ता. अट चांगली आहे, झाड जगवण्याचे पैसे मिळतात. अडचण अशी की स्वतःच्या नावावर जमीन पाहिजे. तांड्यावर सातबारा किती जणांकडे, हे ताई सांगतील. माळावर करायचं तर ग्रामपंचायतीचं काम म्हणून आराखड्यात बसवावं लागतं, त्याला ग्रामसभेचा ठराव. मस्टर निघेपर्यंत पावसाळा निघतो हे वेगळं सांगत नाही.

सातबारा_कोरा | १३ एप्रिल, रात्री ९:२०

इतका वेळ कोणी विचारलंच नाही: तो माळ कोणाचा? गायरान ना?

मग ऐका. मराठवाड्यात गायरान हा शब्द नुसता चराईचा नाही. भूमिहीन दलितांनी, पारध्यांनी ही जमीन कसली, मार खाऊन कसली. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासूनचा इतिहास आहे त्याला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ ला निघाला, पण कागद पूर्ण झालेले थोडे, खेटे घालणारे फार. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं काढा म्हटलं, तेव्हापासून प्रत्येक मोसमाला नोटिशीची धास्ती. उद्या १४ एप्रिल आहे, आमच्याकडे मिरवणूक निघेल, आणि त्या मिरवणुकीतल्या कित्येकांची पेरणी अजून 'अतिक्रमण' आहे.

गावातल्या वजनदार लोकांना गायरान मोकळं करून घ्यायचं असलं की सगळ्यात सोपा उपाय कोणता? वृक्षारोपण. झाडाला विरोध करणारा आपोआप खलनायक. तुमचा हेतू तसा नसेल. पण वस्तीवरच्या माणसाला जेसीबी दिसला तेव्हा त्याने काय समजायचं?

कोरडवाहू | १३ एप्रिल, रात्री १०:०५

गायरानच आहे. खरं सांगतो, हा विचार एकदाही मनात आला नव्हता.

किनवटकर | १५ एप्रिल, सकाळी ८:५०

आमच्याकडे किनवट-माहूरला चित्र थोडं निराळं. गोंड, कोलाम, आंध, परधान, आणि बंजारा तांडेही भरपूर. कोलामांच्या पोडावर (वस्तीवर) जा, राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी ही एक (कातकरी आणि माडिया गोंड बाकीच्या दोन). २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्काची तरतूद आहे. तेंदूपत्ता कोणाला विकायचा, कुठला भाग राखायचा, हे ग्रामसभेने ठरवायचं. हक्क मिळाल्यावर माणूस जंगलाकडे मालक म्हणून बघतो, मजूर म्हणून नाही. तेव्हा 'त्यांना आमच्या उपक्रमात कसं आणावं' हा प्रश्नच उरत नाही, उपक्रम त्यांचा असतो, आपण मदतनीस. सुरुवात सहभागापासून नको, हक्कापासून करा.

गोरमाटी_लेक | १५ एप्रिल, सकाळी १०:१५

बरोबर, पण त्यात आमची गोची आहे. आम्ही महाराष्ट्रात विमुक्त जाती. अनुसूचित जमातीबाहेरच्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो. बैलांवर मीठ-धान्य लादून लदेणी करत हिंडणाऱ्यांनी ७५ वर्षांचा पुरावा कुठून आणावा? तुमच्या पलीकडे आदिलाबादला माझी आत्या आहे. तिथे लंबाडा अनुसूचित जमातीत. एकच रक्त, मध्ये एक पैनगंगा.

सहस्रकुंड | १५ एप्रिल, सकाळी १०:४०

आरक्षणाचं नको काढू ताई, मूळ आदिवासींचं काय मग? निजामकाळचं हैदराबाद गॅझेट दाखवून...

संपादक | १५ एप्रिल, सकाळी ११:०२

त्या विषयावर दोन धागे आधीच चालू आहेत, तिकडे भांडा. इथे झाडं.

हौदाकाठी | १६ एप्रिल, रात्री ११:१५

छत्रपती संभाजीनगरातून. आमच्या मोहल्ल्याच्या मागून खाम नदी जाते. नदी म्हणायची सवय राहिली आहे, एवढंच. मध्यंतरी ती साफ करायचं काम निघालं, चांगलं काम झालंही. पण सुरुवातीला एका हौशी गटाने आमच्या गल्लीत पत्रकं वाटली. वर नारळ-कलशाचं चित्र, खाली 'जलपूजनाने शुभारंभ', वेळ शुक्रवार दुपारी दीड. आमच्या चाचांनी पत्रक वाचून एवढंच म्हटलं, "काम अच्छा है, लेकिन जुम्मे कू नक्को रे बाबा."

तसंच २०१८ च्या मे महिन्यात गावोगाव पाणलोटाचं श्रमदान जोरात होतं आणि मध्येच रोजे लागले. आजोळी आमच्या मामांना लोक म्हणाले, तुमचे लोक ऐन वेळी गायब. मामा म्हणाले, रात्री तरावीह (रमजानची रात्रीची नमाज) झाल्यावर कुदळ द्या, सहरीपर्यंत (पहाटेच्या जेवणापर्यंत) खणतो. रात्री खणलं. बांधावरच सहरी झाली, शेजारच्या पाटलांच्या घरून दही आलं. हे कुठल्या आराखड्यात नव्हतं, कोणीतरी वेळ विचारली एवढंच.

ह्या शहराला पाणी कसं आणावं ते मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी दाखवलं. त्या नहरी अजून जमिनीखाली आहेत, पाणचक्की बघायला तुम्ही सहली आणता. आमच्या मशिदीत आता वजूचं पाणी गटारात न सोडता मागच्या कब्रस्तानातल्या झाडांना दिलंय. इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात सांगितलं की कयामत आली आणि हातात रोप असेल तर तेही लावून टाका, अशी हदीस आहे. महिनाभरात पाइप बसला. आम्ही दोन वर्षं पोस्टर लावत होतो ते वाया.

भाकरी_ठेचा | १६ एप्रिल, रात्री ११:३१

म्हणजे पोस्टर न लावणं हेच उत्तर. छपाईवाल्यांचा निषेध ओढवून घ्याल.

पुणेरी_मराठवाडी | १७ एप्रिल, सकाळी ९:००

तीजबद्दलचा माझा मुद्दा मागे घेतो. ताई, चुकलं. मी फोटोत पाहिलं होतं, तांड्यावर कधी गेलो नाही.

गोरमाटी_लेक | १७ एप्रिल, सकाळी ९:२५

श्रावणात या. पाहुणे म्हणून.

कोरडवाहू | २९ मे, रात्री ११:४५

महिनाभर गायब होतो, माफी. धागा वर आणतोय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

ताईंच्या सांगण्यावरून नायकाकडे गेलो. दोघेच, रात्री जेवणं झाल्यावर, बॅनर नाही, गार्ड नाही. पहिल्या रात्री झाडाचं बोललोच नाही. उचल, मुकादम, कोणाच्या पोरीचं लग्न, एवढंच. दुसऱ्या खेपेला मीच विचारलं, होळीच्या आधी आमचे खड्डे कोणी बुजवले? नायक म्हणाले, "आम्ही. का?"

तो माळाचा सपाट तुकडा त्यांची होळीची जागा आहे. होळीला फडावरून जमेल तेवढे परततात, रात्रभर लेंगी (होळीची गाणी) चालते, बायका-पुरुष फेर धरतात, ज्यांच्या घरी पोरगा झाला त्यांची धुंड होते. ऐन त्या जागेत आम्ही दीड फुटी खड्डे पाडले होते. एका म्हातारीचा पाय त्यात आधीच मुरगळला होता. अंधारात नाचताना कोणाचा मोडू नये म्हणून दोन दिवस दगडं वाहून त्यांनी ते भरले. बरीच रोपं आधीच वाळली होती. दहाबारा हिरवी निघाली, ती म्हातारीने उपटून आपल्या परसात लावली. त्यातली सात मी बघून आलो. म्हणजे ४१ नव्हे, ४८.

ग्रुपवर आम्ही त्याला 'समाजकंटकांचा उपद्रव' लिहिलं होतं. फोटो टाकणारा मीच.

मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं, जेसीबी चालू असताना? बचत गटातली एक बाई म्हणाली, "तुम्ही विचारलाव का?"

तित्तर | ३० मे, सकाळी ७:३०

वस्तीवर?

कोरडवाहू | ३० मे, सकाळी ८:१०

दोनदा गेलो. पहिल्यांदा कोणी बोललं नाही. दुसऱ्यांदा सातबारा_कोरा यांच्या ओळखीचे एकजण बरोबर होते. आधी लेखी दिलं की वस्तीच्या कसत्या तुकड्याकडे आमचा गट फिरकणार नाही, ग्रामसभेतही तसंच बोलू. मग एका पोराने माळाचा खालचा गवताचा पट्टा दाखवला, तिथे तित्तर आहेत. तो पट्टा तसाच ठेवायचा ठरलं, एकही झाड नाही. गटातले दोघं नाराज आहेत. पाटी कुठे लावायची हा त्यांचा प्रश्न.

तित्तर | ३० मे, सकाळी ८:१४

पाटी नकोच. पाटी लावली की शिकारीला बाहेरचे येतात.

पळसपान | ३० मे, सकाळी ९:४०

मग झाडं कुठे?

कोरडवाहू | ३० मे, दुपारी १:००

तांड्याच्या वरच्या उतारावर, सीताफळ. बायकांनीच निवडलं. शेळी त्याला तोंड लावत नाही, पाणी कमी, आणि फळं विकता येतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, हे मला भाव सांगताना त्यांच्याकडून कळलं. ६०० नाही, १५०. मागे राहणाऱ्या पाच म्हाताऱ्या दिवाळी ते पाडवा पाणी घालतील, जगलेल्या झाडामागे महिन्याला पैसे, वर्गणीतून. रोहयोचा ठराव शेतकी_बाबू म्हणतात तसा ग्रामसभेत मांडतोय, होईल तेव्हा होईल. उताराला दगडी ताली घालायच्यात. पाथरवट, तुमच्या वडिलांचा भाव सांगा.

पाथरवट | ३० मे, दुपारी १:२०

ते थकले आता. भाऊ येईल. भाव व्यक्तिगत निरोपात धाडलाय. घासाघीस करू नका.

बिनपाण्याचा_बीडकर | ३० मे, दुपारी ३:१०

१५० झाडांसाठी एवढी खटपट! पण ठीक आहे, ४१ पेक्षा जास्त जगतील बहुतेक. एका म्हातारीच्या दोन वर्षांच्या पाण्याचे पैसे माझ्याकडून.

गोरमाटी_लेक | ३० मे, रात्री १०:३०

दादा, म्हातारीच्या पायाचं काय? बरा आहे का?

कोरडवाहू | ३० मे, रात्री १०:४२

बरा आहे. लंगडत का होईना, रोज परसातल्या रोपांना खरकटं पाणी घालते. मला जेवायला थांबवलं होतं, सळोई (बकऱ्याच्या रक्ताचं कालवण) केली होती. मी माळकरी, पंचाईत झाली. शेवटी बाटी आणि मिरचीची चटणी खाऊन सुटलो.

भाकरी_ठेचा | ३० मे, रात्री १०:४४

पुढच्या वेळी मला न्या. झाडं लावत नाही, पण सळोईला नाही म्हणत नाही.

पळसपान | ३१ मे, सकाळी ६:५०

सीताफळाचं बी विकत घेऊ नका, माझ्याकडे गेल्या हंगामाचं दोन किलो राखेत ठेवलेलं आहे. पेरायच्या आधी रात्रभर भिजवा. रविवारी घेऊन येतो, तांड्याची वाट सांगा.

कोरडवाहू | ३१ मे, सकाळी ७:०५

सांगतो. फक्त ती खाकी पँट घालून येऊ नका.